एमजीबीचे पुढचे बुश वर्षाच्या आत का फाटतात, आणि कार्पेटखाली पाणी येतं कुठून?

गाडी १९७३ ची एमजीबी जीटी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली. कॉव्हेंट्रीच्या आमच्या घरी ती आली तेव्हा निम्मी गाडी होती आणि निम्मी खोक्यांत होती. रंग, इंजिन, वायरिंग सगळं एकदाच झालं. पुढच्या सस्पेन्शनचे खालचे बुश, म्हणजे सांध्यातले गादीसारखे रबरी तुकडे, मात्र मी तीन वर्षांत तीनदा बदलले, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट दोनदा उचकटून परत चिकटवलं. दर वेळी मला वाटलं, माल हलका आला. माल हलका नव्हता. तुम्हीही त्याच फेऱ्यात असाल तर चौथा सेट मागवण्याआधी हे वाचा.

लक्षणं अशी. ताशी ४० मैलांच्या पुढे गाडी रस्त्याचा उतार शोधत एका बाजूला जाते, स्टिअरिंग सतत सावरावं लागतं. ब्रेक दाबला की पुढून एक ‘टक’, ब्रेक सोडला की दुसरा. स्पीडब्रेकरवर खालून जुन्या दाराच्या बिजागरीसारखी कुरकुर. आणि दोन दिवस पाऊस झाला की गाडीत ओल्या गोणपाटाचा वास.

आधी बुश बाजूला ठेवा

‘टक’ वाजलं की सगळे बुशवर घसरतात. मीही घसरले. पण एमजीबीच्या पुढच्या भागात आवाज करायला लायक अशी बरीच मंडळी आहेत. या गाडीला वरचा विशबोन, म्हणजे चाकाला वरून धरणारी दांडी, वेगळा नाही. शॉकअपची दांडीच वरच्या विशबोनचं काम करते. त्याखाली किंगपिन, म्हणजे उभा खिळा, त्यावर चाक बसतं तो आखूड दांडा, म्हणजे स्टब अॅक्सल, फिरतो, आणि खाली ट्रनियन नावाच्या सांध्यातून जाणाऱ्या बोल्टने सगळं खालच्या आर्मला अडकतं. १९६२ ते १९८० या सगळ्या काळात ही रचना मुळात तीच राहिली, म्हणून कुठल्याही सालच्या एमजीबीला पुढची तपासणी लागू पडते.

पुढची बाजू जॅकवर घ्या, स्टँड लावा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहावर, हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग सैल. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिन, ट्रनियन नाहीतर शॉकअपच्या दांडीचा दांडाच झिजलाय. नऊ आणि तीनवर धरून खेळ आला तर टाय रॉडचे एंड आणि रॅक बघा. तारांची चाकं असतील तर हबचे दाते झिजले तरी अगदी असाच ‘टक’ येतो. चाक काढून दात्यांवर बोट फिरवा, टोकं सुरीसारखी धारदार झाली असतील तर बुशचा काही दोष नाही.

किंगपिनच्या प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निप्पल आहेत आणि कंपनीच्या पुस्तकात दर ३,००० मैलांना ग्रीस द्यायला सांगितलंय. चाकावर वजन असताना गन मारली तर दाबाखालच्या पृष्ठभागापर्यंत ग्रीस पोचत नाही, म्हणून चाक अधांतरी ठेवूनच द्या. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने बहुधा कधीच दिलं नव्हतं. खालचा बोल्ट आणि त्याच्याभोवतीची नळी गंजून इतकी एकजीव झाली होती की हॅकसॉने कापून काढावी लागली. नवे किंगपिन बुश बसवल्यावर त्यांना रीमर मारून मापात आणावं लागतं. तो रीमर घरच्या पेटीत नसतो. स्टब अॅक्सल जुना देऊन तयार घ्या, डोकं शांत राहील.

इतकं तपासून सगळं ठीक निघालं, तरच खाली झोपा आणि टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून खालच्या आर्मचा आतला बुश हलवून बघा.

तीन सेट, तीन वेगळ्या चुका

चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला इंग्लंडात २०१८ पासून एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. मी तरी करून घेते, कारण स्वतःच्या हाताने केलेल्या कामातली चूक स्वतःला दिसत नाही. पहिल्याच वर्षी तपासणाऱ्याने टॉमी लावून मला खाली बोलावलं. बुशचं रबर दोन्ही बाजूंनी अळंबीसारखं फुगून बाहेर आलं होतं. नखाने ओरखडा काढला तर काळा लगदा निघाला.

हा मूळ पद्धतीचा साधा, दोन तुकड्यांचा रबरी बुश. बसत नव्हता म्हणून मी बोटभर साधं ग्रीस चोळून दाबला होता. चूक क्रमांक एक. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि कुजतं. रबरासाठी तांबडं रबर ग्रीस वेगळं मिळतं, तेच वापरायचं. ते नसेल तर टाल्कम पावडरही चालते. भांडी घासायचा साबण कुणीतरी हमखास सुचवतं, पण त्यात मीठ असतं आणि ते आत लोखंडाशी राहतं. आणि हो, एमजीबीचं इंजिन थोडंफार तेल गाळणारच. ते कुठे गळतं? बरोबर क्रॉसमेंबरवर, म्हणजे पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या आडव्या तुळईवर, बुशांच्या डोक्यावर. ती गळती आधी बघा.

दुसऱ्या वर्षी पॉलियुरेथेनचे बुश लावले. तेलाने कुजत नाहीत, दिसायला लाल, एकदम ऐटबाज. तीन महिन्यांत कुरकुर सुरू. पॉली बुश रबरासारखा पिळवटत नाही, आतल्या नळीवर घसरतो. त्यामुळे त्याला सोबत येणारं सिलिकॉन ग्रीस भरपूर लागतं आणि ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. मी छोटी पुडी अर्धी वापरून उरलेली जपून ठेवली होती! आवाजापायी वैतागून ते बुश काढून टाकले. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांनी फाटण्याचा त्रास दिलाच नाही. का दिला नाही, हे तेव्हा डोक्यात आलं असतं तर पुढचं वर्ष वाचलं असतं.

तिसऱ्या वेळी सगळे सुचवतात ते केलं: १९७३ ते १९७६ मधल्या एमजीबी जीटी व्ही-८ चे बुश. साध्या बुशात प्रत्येक ठिकाणी दोन तुकडे, एकूण आठ. यात प्रत्येक ठिकाणी एकच बुश, रबराला धातूची नळी चिकटवलेली, एकूण चार. टिकायला हेच सगळ्यात चांगले, हे आजही माझं मत आहे. पण आठव्या महिन्यात चारपैकी तीन बुशांचं रबर नळीपासून सुटलं होतं. या वेळी ना तेल, ना साधं ग्रीस.

मामाचा एकच प्रश्न

माझ्या मामाचं सांगलीला ट्रकचे पाटे बसवायचं दुकान होतं. आता मुलगा बघतो, पण मामा सकाळी चहाला तिथेच असतो. व्हिडिओ कॉलवर फाटका बुश कॅमेऱ्यासमोर धरला आणि दुकानदाराच्या नावाने पाच मिनिटं बोटं मोडली. मामाने सगळं ऐकून घेतलं.

“नट आवळले तेव्हा चाकं जमिनीवर होती का?”

“नाही रे, गाडी स्टँडवर होती. खाली हात घालायला जागा नको का?”

“मग बुशाने काय करावं? तू त्याला जन्मभर मान पिळून बसवलंस.”

आधी मला पटलं नाही. मग स्वतःच करून बघितलं, आणि हे तुम्हीही करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. गाडी स्टँडवर असताना, चाक खाली लोंबकळत असताना, आर्मच्या डोळ्यावर आणि आतल्या नळीच्या तोंडावर मिळून पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ मारा. नट सैल ठेवून गाडी जमिनीवर घ्या आणि पुन्हा खाली डोकावा. रेघ तुटलेली दिसेल. माझ्या गाडीत आर्मवरचा अर्धा भाग नळीवरच्या अर्ध्यापासून चार मिलिमीटर सरकला होता.

आता विचार करा. चिकटवलेल्या रबरी बुशात काहीही घसरत नाही. आतली नळी नटाने घट्ट धरलेली, बाहेरचा भाग आर्मला धरलेला, आणि आर्म वर-खाली होतो तो निव्वळ रबराच्या पिळवटण्यावर. नट लोंबकळत्या अवस्थेत आवळला, तर गाडी नुसती उभी असतानाही रबर चार मिलिमीटर पिळलेलं. खड्डा आला की त्यावर अजून पीळ. म्हणजे ज्या ताणासाठी रबर बनलंय त्याच्या दुप्पट-तिप्पट ताण रोज. शिवाय ते पिळलेलं रबर गाडीला वर ढकलत राहतं. माझ्या गाडीचं नाक थोडं वर होतं आणि मी मात्र ‘नवीन स्प्रिंग बसायला वेळ घेतात’ असं स्वतःलाच सांगत बसले होते. पॉली बुश घसरतो, म्हणून त्याला या चुकीची झळ लागली नाही.

मग आवळायचं कसं

सगळं जोडताना नट फक्त हाताने बसवा, वायसर टेकेल इतपत. गाडी या अवस्थेत रस्त्यावर न्यायची नाही, अंगणात ढकलायलाच. चाकं लावा, गाडी खाली घ्या आणि मागे-पुढे दोन-तीन मीटर ढकला. हे विसरू नका: जॅकवरून उतरलेली चाकं बाहेरच्या बाजूला घासत अडकून राहतात आणि गाडी खोटी उंच दिसते. मग बंपरच्या कोपऱ्यावर दाब देऊन चार-पाच हिंदोळे द्या.

त्यानंतर पुढची चाकं रॅम्पवर चढवा, म्हणजे वजन चाकांवरच राहतं आणि खाली शिरायला जागा मिळते. हँडब्रेक, मागे ठोकळे, आणि हलवायची वेळ आलीच तर रॅम्पवर घेताना एकजण बाहेर उभा. मी सीटवर भारतीय दुकानातल्या तांदळाच्या वीस किलोच्या गोण्या ठेवल्या, दोन इकडे, दोन तिकडे. शेजारच्या बाईंना वाटलं आम्ही घर सोडून चाललो. आता नट पूर्ण आवळा आणि नवी स्प्लिट पिन घाला. जुनी वाकवून परत वापरू नका, तिची किंमत काहीच नाही. नटाची खाच आणि बोल्टाचं भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत अजून आवळायचं, मागे सैल करायचं नाही.

शेवटी चाकांची अलाइनमेंट. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोन, या गाडीत शिम (पातळ पट्टी) घातल्याशिवाय बदलता येत नाही, ते मुळातलं ७ अंश आहे. तुमच्या हातात आहे तो टो-इन, म्हणजे चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते: १/१६ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण १.५ ते २.३ मिलिमीटर. बुश बदलल्यावर तो हमखास बिघडलेला असतो, आणि ‘गाडी रस्त्यावर भरकटते’ या तक्रारीतली अर्धी तक्रार इथेच संपते.

स्प्रिंगबद्दल एक गोष्ट, कारण इथे हात तुटतो. पुढची कॉइल स्प्रिंग दाबलेली असते. खालच्या पॅनचे बोल्ट एकदम सोडायचे नाहीत. समोरासमोरचे दोन बोल्ट काढून तिथे लांब आटे असलेल्या सळया घाला, पॅनखाली जॅक असू द्या, बाकीचे बोल्ट काढा आणि सळयांचे नट थोडे थोडे सोडत स्प्रिंग मोकळी होऊ द्या. मोकळी होईपर्यंत तोंड समोर आणायचं नाही.

मागचे पाटे

मागे तोच न्याय. पाट्याच्या पुढच्या डोळ्यात चिकटवलेला बुश असतो, त्याचा बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळायचा. मागच्या शॅकलचे, म्हणजे पाट्याचं मागचं टोक लटकवणाऱ्या कडीचे, बुश साधे, दोन तुकड्यांचे, त्यांचं फार मनाला लावून घेऊ नका. यू-बोल्ट मात्र चारही टोकं सारखी, आलटून पालटून. पुढच्या डोळ्यातला जुना बोल्ट बुशच्या नळीला गंजून धरतो; तो पिळून निघत नाही, तेव्हा वेळ न घालवता कापा. नवा बसवताना त्याच्या दांड्यावर कॉपर ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या खेपेला तुम्हाला तो सरळ निघेल.

डावी-उजवी उंची बघायची असेल तर जमिनीपासून मोजू नका, टायरचा हवेचा फरक मधे येतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. मागचे शॉकअपही दांडीचेच आहेत आणि त्यांत तेल असतं. वरचा प्लग उघडून पातळी बघता येते. प्लगच्या भोवती ब्रश मारून घ्या आधी, नाहीतर चिखल आत जाईल. तेल भरूनही गाडी झोपाळ्यासारखी डोलत असेल तर शॉकअप गेला.

आता गालिच्याखाली

तुम्ही म्हणाल, सस्पेन्शनच्या गोष्टीत कार्पेट कशाला? कारण मागच्या पाट्याचा पुढचा हँगर ज्या पेटीला लागतो, ती पेटी सीटच्या मागच्या पाटीखाली, सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीच्या, टोकाला आहे. फरशीवरचं पाणी मुरत मुरत तिथेच जाऊन बसतं. एमजीबीला वेगळी चेसी नाही, बॉडीच चेसी आहे. कार्पेट ओलं राहिलं की काही वर्षांनी पाट्याची मुळंच सुटू लागतात. मी पाटे काढले तेव्हा उजव्या बाजूच्या पेटीत स्क्रूड्रायव्हर बिनबोभाट आत गेला, आणि तो गंज बाहेरून आलेला नव्हता.

पहिल्यांदा मी दारांची रबरं बदलली. पाणी तसंच. दुसऱ्यांदा काचेच्या खालच्या कोपऱ्यांत सीलंट भरलं. तसंच. मग सीट, कार्पेट, खालचा नमदा सगळं बाहेर काढून उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्र पसरलं, आणि बाहेरून नवऱ्याला होज धरायला लावला, एका वेळी एकाच जागी, पाच-पाच मिनिटं. मी आत टॉर्च घेऊन. दारावर पाणी: कागद कोरडा. काचेवर: कोरडा. बॉनेटमागच्या हवा आत घेणाऱ्या जाळीवर पाणी सोडलं आणि दोन मिनिटांत हीटरच्या कडेने एक धार उतरली, सरळ माझ्या मांडीवर.

जाळीतून आलेलं पावसाचं पाणी बाहेर काढायला तिथे एक रबरी नळी आहे, ती गिअरबॉक्सच्या बोगद्याच्या बाजूने खाली जाते. इंग्लंडातली पानगळ त्या नळीत जाऊन बसली की पाण्याची टाकी तयार होते आणि काठावरून आत सांडते. खालून तार घालून ढोसलं. आधी काळा चिखल, मग सडकी पानं, मग बादलीभर पाणी! ही नळी दर वर्षी नोव्हेंबरात साफ करते, दिवाळीच्या साफसफाईतच ते काम बसवून टाकलंय.

दाराबद्दलही. दाराच्या आतल्या हार्डबोर्डच्या पॅनेलमागे मुळात प्लॅस्टिकचा पडदा असतो. काचेच्या पट्टीतून उतरलेलं पाणी त्या पडद्यावरून दाराच्या तळाशी आणि तिथल्या भोकांतून बाहेर जातं. रिस्टोरेशनमध्ये हा पडदा फाटतो आणि कुणी परत लावत नाही. मग नवं, महागडं पॅनेल सहा महिन्यांत पापडासारखं वाकडं होतं. जाड प्लॅस्टिक कापून, कडेने न वाळणारं सीलंट लावून चिकटवा, खालचं टोक दाराच्या आत सोडा. आणि तळाची भोकं तारेने मोकळी करा.

आता कार्पेटखाली नमदा नाही घातला. पाणी धरून ठेवणारा स्पंजच तो. बंद पेशींचा फोम घातला, फरशीवरचं कार्पेट फक्त बटणांवर ठेवलं, चिकटवलं नाही. बोगद्यावरचं आणि सिलवरचं चिकटवावंच लागतं, पण तेही होजची परीक्षा कोरड्या कागदाने पास झाल्यावर. सीटच्या रुळांखाली लाकडी पट्ट्या असतात, त्याही ओल धरतात. नव्या पट्ट्यांना सगळ्या बाजूंनी व्हार्निश दिलं, भोकांच्या आतूनसुद्धा.

आणि तो ब्रेकचा ‘टक’? अर्धा बुशचा होता. उरलेला अर्धा माझ्याच बुडाखाली होता. माझ्या सीटच्या बैठकीत आडवा रबरी पडदा आहे, आकड्यांवर ताणलेला. तो एका बाजूने चार आकड्यांतून फाटला होता, त्यामुळे ब्रेक दाबला की सीटची चौकट रुळावर आपटायची. पडदा बदलला, रुळाचे बोल्ट आवळले, आवाज बंद. जुना फोम हातात घेतला तर बेसनासारखा पिवळा भुगा झाला. नवीन फोमवर कव्हर चढवताना फोमला आधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला, म्हणजे कव्हर घसरत जातं, आणि कव्हर हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. कॉव्हेंट्रीच्या मार्चमध्ये उन्हात ठेवून व्हिनाइल मऊ व्हायची वाट बघाल तर जून उजाडेल.

चौथा सेट, पुन्हा व्ही-८ चेच बुश, लावून चौदा महिने झाले. मागच्या आठवड्यात खाली शिरून बघितलं. गाडी चाकांवर उभी असताना पांढरी रेघ सलग आहे, रबर नळीला धरून आहे. डाव्या बाजूच्या मागच्या शॅकलमधून मात्र थंडीत किंचित कुरकुर येते. तिथे तांबडं ग्रीस लावून बघणार आहे, आणि नट या खेपेला गाडी रॅम्पवर असतानाच सैल करणार.